ऐनावरचा कोसा

करवती काठाच्या साड्यांचं डिझाइन हे माझं रोजचं काम. मार्चमधली एक ऑर्डर मात्र काही केल्या सुटेना. गिऱ्हाईक बाईंना लेकीच्या लग्नात नेसायला 'पेंचचं जंगल' हवं होतं. मी वाघाचे पट्टे काढले, मोर काढले. मग पळस धरला. फुलं उकळली, तर त्या केशरी फुलांतून रंग उतरला पिवळा. तीन नमुने परत आले.

शेवटी एका रविवारी पहाटे मनसर ओलांडून पेंचमधली सिल्लारी गाठली. बफरमधल्या पायवाटेवर गाईड दादा पुढे, मी मागे. पळस नुसता पेटला होता आणि मी त्याचेच फोटो काढत होते. दादा एका बोडक्या ऐनाच्या झाडापाशी थांबले.

"ताई, हे पाहा न. तुमचा कोसा."

कोसा म्हणजे टसर रेशमाच्या अळीचा कोष, माझ्या साड्यांचं सूत त्यातूनच निघतं. मला तो दिसेचना. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, राखाडी. मग हळूहळू दिसला. लहान अंड्याएवढा, सालीच्याच रंगाचा. अळीनं फांदीभोवती घट्ट कडं विणलं होतं, कड्यातून कडक देठ, देठाला कोसा. झाडाची पानं गळून गेली, हा जागचा हलला नव्हता. आतला जीव पावसाळ्यापर्यंत असाच निजून राहणार.

इतकी वर्षं हे सूत हाताळते. लडी आली की मळकट वाटते म्हणून आधी रंगवायला देते. तो मळकट रंग म्हणजे ऐनाचं खोड होतं. जंगल माझ्या कपाटातच होतं आणि मी ते दरवेळी रंगाखाली झाकत होते. तिथं उभ्या उभ्या डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या पाचपावलीत विणकर काकांच्या मागावर गेले. म्हटलं, "काका, अंग कोरंच ठेवायचं. आडव्या बाण्यात जाड-बारीक सूत आलटून पालटून घ्या, सालीच्या भेगा दिसल्या पाहिजेत. रंग फक्त काठाला."

करवतीला आडवा दोरा नेणारे तीन धोटे लागतात, दोन काठांचे, एक अंगाचा. काठाचा सुती दोरा अंगातल्या कोशाला दर फेकीत अडकवावा लागतो, तेव्हा कुठे करवतीचे दाते उठतात. काकांनी केशरी लडी कोऱ्या सुताशेजारी धरली आणि बराच वेळ पाहत राहिले.

"केशरी जास्तच होऊन राहिलं, ताई. मधी दोन काळे दोरे टाकू."

पळसाची कळी काळीच असते, मखमली. आदल्या दिवशी मी ती बोटांनी चाचपून पाहिली होती.

"टाका," म्हटलं.