आज वार आहे

सांगलीत कुणाला मटण खायला बोलवायचं असेल तर आधी विचारावं लागतं, आज वार आहे काय? वार तर रोजच असतोय की, पण हा वार वेगळा, कुणाचा सोमवार महादेवाचा, कुणाचा मंगळवार नाहीतर शुक्रवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मग उरला बुधवार आणि रविवार, त्यात संकष्टी आली की तेही गेलं. बरं, "माझा वार हाय" म्हटलं की विषय संपला, कोण कारण विचारत नाही. फार तर एखादा जवळचा दोस्त म्हणतो, "मग नुसता रस्सा घे की!"

गंमत म्हणजे "माझी देवावर श्रद्धा आहे" असं आमच्याकडं कोण बोलतच नाही. तसं कोण बोललंच तर तो भाषणाला उभा राहिलाय असं वाटतं. आम्ही वार पाळतो, उपास धरतो आणि सोडतो, नवस बोलतो आणि फेडतो, माळ घालतो. सगळी कामंच. "त्यानं माळ घातली" एवढ्यात मटण बंद, दारू बंद, जमलं तर आषाढीची वारी, सगळं आलं. जो यातलं काहीच करत नाही तोसुद्धा स्वतःला नास्तिक वगैरे म्हणत नाही, "आम्ही काय पाळत नाही बघा" म्हणतो आणि वाटी पुढं करतो.

भाविक हा शब्द तर फक्त पेपरात आणि देवळाच्या स्पीकरवर, "भाविकांनी रांगेत यावे". घरात कुणी कुणाला भाविक म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. घरात म्हणायचं तर देवभोळा, त्यात जरा माया असते. आणि "लय देवदेव करतोय" म्हटलं की समजायचं, त्याच्या वाटणीची कामं दुसरं कोणतरी करतंय. हे वाक्य बहुतेक बायकोचंच असतंय.

वारीच्या वाटेवरचा "माऊली" मला सगळ्यात आवडतो. लोणंद-फलटणकडं पालखी असली की पोलीस, टेम्पोवाला, चहावाला सगळेच माऊली, "ओ माऊली, जरा गाडी मागं घ्या" असं. तुमचं नाव, गाव, वार कोण विचारत नाही.

एका शब्दाशी मात्र माझं अजून जमत नाही. कृष्णा चढली की नरसोबाच्या वाडीत दत्ताच्या देवळात पाणी उत्तरेकडून गाभाऱ्यात शिरतं आणि पादुकांवरून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं, त्याला म्हणायचं दक्षिणद्वार सोहळा, लोक त्यात स्नानाला जातात. सोहळा! इकडं सांगलीत आम्ही कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट झालं ते मोबाईलवर बघत असतो, 45 ला धोका, आणि 2019 ला तर पाणी 57 च्याही वर गेलेलं. आमच्या गल्लीतल्या आजी दोन्ही एका दमात विचारतात, "वाडीला द्वार झालं काय रे, आणि आपला फ्रिज वर घ्यायचा का?"