समज दिली

केसपेपरवर तीन नोंदी होत्या, तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. पहिली: ‘पाळी नसताना डाग जातात. गर्भनिरोधक गोळ्या अनियमित घेते. समज दिली.’ दुसरी, महिन्याभरानंतरची: ‘तक्रार तीच. पुन्हा समज दिली.’ तिसरी त्या दिवशी सकाळी नोंदणीच्या टेबलावर झालेली: ‘पाळी चुकली.’ इतर आजारांच्या रकान्यात तिन्ही वेळा ‘नाही’ असंच लिहिलेलं.

बाई सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही. सोबत नात्यातल्या एक वयस्क बाई होत्या आणि तिच्या आधी त्याच उत्तरं देत होत्या. शेवटची पाळी कधी आली, त्यांनी सांगितलं. गोळ्या घेते का, त्यांनी सांगितलं. ‘विसरते हो ही,’ हेही त्यांनीच सांगितलं.

सोबतच्या माणसाला बाहेर बसवणं हा शिष्टाचाराचा प्रश्न नाही, तो तपासणीचा भाग आहे. ‘तुम्ही जरा बाहेर थांबा’ असं एखाद्याच पेशंटच्या बाबतीत म्हटलं, की काहीतरी लपवण्यासारखं आहे असा अर्थ निघतो आणि घरी गेल्यावर त्याची चौकशी होते. म्हणून वाक्य सगळ्यांसाठी एकच हवं आणि ते सुरुवातीलाच यायला हवं: ‘इथे प्रत्येक पेशंटशी पाच मिनिटं एकटीशी बोलायची पद्धत आहे, नंतर तुम्हाला आत बोलावते.’ पद्धत आहे असं म्हणायचं तर ती खरोखर प्रत्येकीसाठी पाळायला लागते, नाहीतर रांगेत बसलेल्या बायकांना फरक लगेच कळतो. आणि पडदा म्हणजे भिंत नव्हे. पडद्याने माणूस दिसत नाही, आवाज मात्र पलीकडे जातोच. दार लावता येईल अशी खोली नसेल तर खुर्ची जवळ ओढून हळू बोलावं, किंवा प्रश्न कागदावर लिहून पुढे सरकवावा.

त्या बाई बाहेर गेल्या. आता प्रश्न गोळ्यांचा.

‘गोळ्या नियमित घेता ना?’ या प्रश्नातला ‘ना’ फार नुकसान करतो. त्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं. ‘हो’ म्हटलं तर चांगली पेशंट, ‘नाही’ म्हटलं तर बोलणी. ज्या खरोखर विसरतात त्याही ‘हो’ म्हणतात, आणि ज्या विसरत नाहीत त्यांच्या ‘हो’वर कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणजे त्या प्रश्नातून हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी विसरणं आधीच मान्य करून विचारायचं: ‘बऱ्याच जणींच्या महिन्यात एकदोन गोळ्या राहतात. तुमच्या गेल्या पाकिटात किती राहिल्या?’ आकडा विचारला की आकडाच मिळतो.

ती म्हणाली, ‘एकही नाही, सिस्टर. रोज रात्री नऊला मोबाइलचा गजर लावलाय.’ मग जरा थांबून, ‘पण मागच्या दोन्ही वेळी हेच सांगितलं होतं.’

पाकीट दाखवता का, असं विचारलं. मोजणी करून तिला पकडायचं नव्हतं. २१ गोळ्यांचं पाकीट आहे की २८ चं, हे पाहिल्याशिवाय पुढचं बोलताच येत नाही. २१ च्या पाकिटात तीन आठवडे गोळ्या आणि सात दिवसांची सुटी असते. २८ च्या पाकिटात शेवटच्या सात गोळ्या संप्रेरक नसलेल्या असतात, काहींत लोहाच्या. गफलत बहुधा इथेच होते. सुटीचे सात दिवस आठ-नऊ होतात आणि नवं पाकीट उशिरा सुरू होतं. महिन्याच्या मधली एक गोळी राहण्यापेक्षा हे कितीतरी जोखमीचं आहे, कारण सुटी सात दिवसांपुढे लांबली की अंडाशय जागं होऊन बीज सोडू शकतं. एकच गोळी राहिली असेल तर आठवताच घ्यायची आणि पुढची ठरल्या वेळी, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त राहिल्या तर शेवटची राहिलेली घ्यायची आणि पुढचे सात दिवस निरोध वापरायचा. त्या तिसऱ्या आठवड्यातल्या असतील तर सुटी न घेता थेट नवं पाकीट उघडायचं. सलग उलट्या-जुलाब झाले तर तेही गोळी राहिल्यासारखंच धरायचं.

हे सगळं तिला माहीत होतं. तिच्याकडचं पाकीट २१ चं होतं, आणि त्यामागे तिने स्वतःच्या हाताने तारखा लिहिल्या होत्या. रिकामी भोकं आणि तारखा जुळत होत्या.

मग दुसरा विचार आला: कुणी गोळ्यांत हस्तक्षेप करतंय का? असं घडतं. पाकीट लपवलं जातं, फेकलं जातं, निरोध मुद्दाम काढला जातो. हा प्रश्न सरळ विचारावा, पण आरोपाचा सूर नसावा: ‘गोळ्या घेण्यावरून घरात कुणी अडवतं का? संबंध कधी तुमच्या मनाविरुद्ध होतात का?’ दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं, आणि ते न अडखळता आलं.

आता राहिली औषधं. ‘दुसरा काही आजार आहे का?’ या प्रश्नाला पुष्कळ जणी ‘नाही’ म्हणतात आणि त्या खोटं बोलत नसतात. ज्याच्यामुळे अंथरूण धरावं लागत नाही, तो त्यांच्या लेखी आजार नसतो. म्हणून आजार नाही, वस्तू विचारायची: ‘दिवसभरात तोंडातून जे जे घेता, झोपेचं, दुखण्याचं, केसांचं, जडीबुटीचं, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं, सगळं सांगा.’

तिने दाराकडे पाहिलं. मग पर्सच्या आतल्या कप्प्यातून घडी घातलेली स्ट्रिप काढली. कार्बामाझेपीन २०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. लहानपणी फिट यायच्या, मग थांबल्या होत्या, पाच महिन्यांपूर्वी पुन्हा आली. दुसऱ्या दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. सासरी फक्त नवऱ्याला ठाऊक. बाहेर बसलेल्या बाईंना नाही. आधीच्या दोन्ही वेळी त्या शेजारीच बसल्या होत्या.

कार्बामाझेपीन यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या विकरांचं (एन्झाइम्सचं) प्रमाण वाढवतं. ती विकरं गर्भनिरोधक गोळीतली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन ही दोन्ही संप्रेरकं नेहमीपेक्षा लवकर मोडतात. गोळी रोज पोटात जाते, पण रक्तात तिचं प्रमाण पुरेसं टिकत नाही. आधी गर्भाशयाचं अस्तर डळमळतं आणि मध्येच डाग जाऊ लागतात. पुढे बीज सुटू शकतं. तिचे डाग दुसऱ्या पाकिटापासून, म्हणजे फिटच्या गोळ्या सुरू झाल्यावरच सुरू झाले होते. ज्या तक्रारीवर ‘समज’ मिळाली, तीच तक्रार खरं काय ते सांगत होती.

फिटवरची फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन, क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन, एचआयव्हीसाठीचं एफाविरेन्झ हीसुद्धा अशीच वागतात. साधी प्रतिजैविकं, जसं अमोक्सिसिलिन, असं करत नाहीत, तरी भीती मात्र त्यांचीच पसरलेली आहे. विकरं वाढवणाऱ्या औषधांचा परिणाम ती बंद केल्यावरही सुमारे चार आठवडे राहतो. लॅमोट्रिजिन या फिटच्या औषधाच्या बाबतीत उलटं होतं: इस्ट्रोजेन असलेली गोळी रक्तातलं लॅमोट्रिजिन कमी करते आणि फिट परत येऊ शकते.

गोळ्या अचूक घेतल्या तर वर्षभरात १०० पैकी एकीपेक्षाही कमी बायकांना दिवस जातात. प्रत्यक्ष वापरात हा आकडा सुमारे ७ आहे. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे बायकांचा विसराळूपणा, असं आम्ही शिकलो आणि तसंच शिकवतो. त्या अंतरात अशा बायकाही असतात, ज्यांनी एकही गोळी चुकवलेली नसते.

लघवीच्या तपासणीत दोन रेघा आल्या. निकाल सांगताना पहिलं वाक्य फक्त निकालाचं असावं: ‘तपासणीत गर्भ राहिल्याचं दिसतंय.’ ‘अभिनंदन’ नको, ‘अरेरे’ही नको. दोन्हींतून आपलं मत तिच्या आधी खोलीत शिरतं. मग गप्प राहायचं. ही शांतता नवीन नर्सेसना फार जड जाते, आणि तिथेच सल्ला सुरू होतो. पुढचा प्रश्न: ‘ऐकून काय वाटतंय?’

तिने विचारलं, ‘चूक माझी नाही ना?’

नाही, असं स्पष्ट सांगितलं, आणि कारणही. ‘काळजी करू नका’ हे वाक्य तिच्या काही उपयोगाचं नव्हतं. यकृताचं चित्र कागदावर काढून दाखवल्यावर तिचे खांदे सैल झाले.

नंतर तातडीच्या गोष्टी. सगळ्यात आधी: फिटची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. गर्भ राहिला म्हणून भीतीने अचानक गोळ्या सोडल्या तर न थांबणारी फिट येऊ शकते आणि त्यात आई आणि गर्भ दोघांच्याही जिवाला धोका असतो. बदल करायचा तर तो मेंदूविकारतज्ज्ञच करतील, म्हणून त्याच दिवशी फोन करून वेळ घेतली. दुसरं, सोनोग्राफी. गोळ्यांवर असताना येणारं रक्त ही खरी पाळी नसते, त्यातून मध्ये डाग जाणारे, तेव्हा तारखेवरून दिवस मोजणं भरवशाचं नव्हतं. गर्भ पिशवीतच आहे ना, तेही पाहायचं होतं. तिसरं, फोलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम, डॉक्टरांच्या सहीने त्याच दिवशी सुरू. कार्बामाझेपीनमुळे बाळाच्या मज्जारज्जूत दोष राहण्याचा धोका थोडा वाढतो. व्हॅल्प्रोएट या फिटच्या दुसऱ्या औषधाइतका नाही, पण वाढतो. आणि मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत मिटते. फोलिक ॲसिडचा खरा उपयोग त्याआधी असतो. पहिल्या नोंदीच्या दिवशीच स्ट्रिप बाहेर आली असती, तर गर्भनिरोधनाची पद्धत तेव्हाच बदलली असती. ‘समज दिली’ या दोन शब्दांची ही किंमत आहे, आणि ती तिने मोजली.

पर्याय सांगताना तिन्ही एकाच आवाजात, सारखाच वेळ देऊन सांगायचे: गर्भ वाढवणं, गर्भपात, आणि जन्म देऊन दत्तक देणं. एखादा पर्याय भरभर उरकला तरी पेशंटला आपला कल कळतो. गर्भपाताच्या गोळ्यांचा विचार झाला तर तिथेही डॉक्टरांना कार्बामाझेपीनबद्दल सांगणं भाग होतं, कारण मिफेप्रिस्टोन त्याच विकरांकडून मोडलं जातं. एखाद्या नर्सला स्वतःच्या श्रद्धेमुळे यातलं काही सांगणं जमत नसेल, तर तिने लगेच दुसरीला बोलवावं. पेशंटला पुढच्या आठवड्यात यायला सांगणं हा त्यावरचा मार्ग नाही, इथे एकेक दिवस मोजला जातो.

तिने विचार करायला दोन दिवस मागितले आणि तिसऱ्या दिवशी आली. तिने काय ठरवलं ते इथे सांगणार नाही. ते तिचं आहे.

पुढच्या गर्भनिरोधनाची चिठ्ठी मात्र दोन्ही वाटांसाठी तयार करून ठेवली होती. कार्बामाझेपीन चालू असताना चालतील अशा पद्धती तीन: तांबी, संप्रेरक सोडणारी तांबी, आणि तीन महिन्यांचं इंजेक्शन. साधी तांबी १० वर्षांपर्यंत काम देते, पण पहिले काही महिने रक्तस्राव आणि पोटदुखी वाढते. हे आधी सांगितलं नाही तर बायका ती दोन महिन्यांत काढून घेतात. इंजेक्शन १५० मिलिग्रॅमचं. त्याने पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि बंद केल्यावर पुन्हा दिवस जायला कित्येक महिने लागू शकतात. त्याने हाडांची घनता थोडी घटते, कार्बामाझेपीननेही घटते, म्हणून दोन्ही दीर्घकाळ एकत्र देताना डॉक्टरांशी बोलायला हवं. दंडात बसवायची संप्रेरकाची कांडी अशा औषधांबरोबर भरवशाची नाही. संबंधांनंतर घ्यायची तातडीची गोळी लागलीच तर नेहमीचा १.५ मिलिग्रॅमचा डोस कमी पडू शकतो. पाच दिवसांच्या आत बसवलेली साधी तांबी त्याहून खात्रीची. सगळे कागद तिच्या हाती दिले, पण ज्यावर फिटच्या औषधाचं नाव होतं तो वेगळा, घडी घालून. घरी कोण कागद वाचतं, हे विचारल्याशिवाय काही छापून देऊ नये.

उठता उठता, हात दाराच्या कडीवर असताना, तिने विचारलं, ‘या फिटच्या गोळ्या सुरू झाल्यापासून मला इच्छाच होत नाही. असं असतं का कुणाला?’ असे प्रश्न जाताजाताच येतात. अशा वेळी घड्याळाकडे पाहू नये. १९७६ मध्ये जॅक ॲनन यांनी लैंगिक समस्यांवर बोलण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: बोलायची मोकळीक, मोजकी माहिती, नेमकी सूचना, आणि गरज असेल तर विशेष उपचार. पहिल्या दोन पायऱ्या कुठल्याही नर्सला जमतात आणि बहुतेकींना तेवढ्या पुरतात. तिला सांगितलं: असं असतं, बऱ्याच जणींना. हे औषध रक्तातलं एक प्रथिन वाढवतं, ते संप्रेरकं धरून ठेवतं, त्यामुळे इच्छा घटू शकते. फिटची भीती, झोप न होणं, मनावरचा ताण हेही असतं. संबंधांमुळे सहसा फिट येत नाही. मेंदूविकारतज्ज्ञांना हे सांगा, औषध बदलण्याचा विचार करताना तेही धरतात. तोंडाने सांगणं अवघड वाटत असेल तर चिठ्ठीत मी लिहू का?

‘लिहा,’ ती म्हणाली.

ती गेल्यावर केसपेपर पुन्हा समोर घेतला. जुनी नोंद खोडायची नसते, खाली दुरुस्ती लिहून सही करायची असते. तशी लिहिली: ‘गोळ्या नियमित घेते. रोज रात्री ९, पाकिटे पाहिली. कार्बामाझेपीन २०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ५ महिन्यांपासून. डाग व गर्भधारणा औषधांच्या परस्परपरिणामामुळे असण्याची शक्यता. ही माहिती सोबतच्या नातेवाइकांसमोर बोलू नये.’ शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि केसपेपर डॉक्टरांच्या टेबलावर, इतर कागदांच्या वर ठेवला.