फोनची वीट

माझा फोन सात वर्षांचा. काच शाबूत, बॅटरी एकदा बदलून घेतलेली, आवाज खणखणीत. पण कंपनीने चार वर्षांपूर्वीच अपडेट बंद केले. एरवी नवा फोन घेतला असता. पण धडधाकट वस्तू निव्वळ कंपनीला कंटाळा आला म्हणून टाकून द्यायची, हे काही पचेना.

मग फोनवर लिनेजओएस ही अँड्रॉइडवरच बेतलेली दुसरी सिस्टीम टाकायचं ठरवलं. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे. जगभरची हौशी मंडळी तो घेऊन जुन्या-नव्या फोनांवर बेतत बसतात. पूर्वी हाच उद्योग सायनोजेनमॉड या नावाने चाले. 2016 च्या डिसेंबरात त्यामागच्या कंपनीने गाशा गुंडाळला, तेव्हा लोकांनी तो कोड दत्तक घेतला आणि नाव ठेवलं लिनेज. म्हणजे वंश!

आधी बूटलोडर अनलॉक करायचा. फोन जागा होताना कुठली सिस्टीम आत घ्यायची, हे ठरवणारा तो रखवालदार. तो फितला की फोनमधलं सगळं पुसलं जातं. हे मुद्दामच केलेलं असतं, चोराने कुलूप काढलं तरी हाती काही लागू नये म्हणून. पुढे चुकीची फाइल चढवली, तर फोन कायमचा गार. जाणकार त्याला ‘ब्रिक झाला’ म्हणतात. विटेवर अठ्ठावीस युगं उभं राहणारा देव ठाऊक होता. स्वतःच वीट होणारं यंत्र नवीन.

रात्री दीड वाजता स्क्रीनवर लोगो सरकत होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आई पाणी प्यायला उठली. “चांगला चालला होता ना? मग कशाला हात लावलास?” ती आत जाते न जाते तोच फोन उठला.

फोन हलका झाला होता. कंपनीने माथी मारलेली, काढताही न येणारी अॅप गायब. एफ-ड्रॉइड या अॅपच्या दुकानातून खुल्या कोडची अॅप घेतली. ऑसमअँड या नकाशाच्या अॅपमध्ये महाराष्ट्राचा नकाशा उतरवून ठेवला. घाटात रेंज गेली तरी वाट सापडते. दोन दिवस मी भेटेल त्याला फोन दाखवत सुटलो.

तिसऱ्या दिवशी बँकेचं अॅप उघडलं. ‘आपला फोन सुरक्षित नाही.’ चार वर्षं एकही सुरक्षा अपडेट न मिळालेल्या सिस्टीमवर हेच अॅप सुखाने नांदत होतं. आता याच महिन्याचा अपडेट आहे, तर म्हणे असुरक्षित! रखवालदार मी फितवला, एवढंच त्याला दिसतं. त्यावर उपाय निघतात आणि पुढच्या महिन्यात बंद पडतात. मी नाद सोडला, पाकिटात पुन्हा नोटा ठेवायला लागलो.

काल मंडईत वीस रुपयांच्या मेथीला पाचशेची नोट काढली. मावशींनी आधी नोटेकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

“फोन आहे की हातात. बिघडलाय का?”

“नाही, दुरुस्त केलाय,” मी म्हणालो.