घराच्या विम्यात काय बसत नाही: एका क्लेममधून कळलेलं

विमा कंपनीने नुकसान तपासायला पाठवलेले सर्व्हेअर घरी आले तेव्हा मी नुकसानीची यादी त्यांच्यापुढे केली. कपाट, गादी, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, भिंतींचा रंग, सगळं क्रमाने लिहिलं होतं. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "ताई, काय काय गेलं ते नंतर बघू. आधी सांगा, पाणी आलं कुठून?"

पुढचा सगळा क्लेम या एका प्रश्नाभोवती फिरला. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही लग्नाला गावी गेलो होतो. बाथरूममध्ये गीझरकडे जाणारा भिंतीतला पाइप फुटला आणि पाणी पॅसेजमधून हॉलपर्यंत पसरलं. शेजारच्या काकूंकडे आमची किल्ली असते. जळल्याचा वास आला म्हणून त्यांनी दार उघडलं, आधी मेन स्विच पाडला, मग पाण्याचा कॉक बंद केला. तोवर पॅसेजमधला इन्व्हर्टर शॉर्ट होऊन पेटला होता आणि त्याला लागून असलेल्या आमच्या लाकडी कपाटाची एक बाजू काळी पडली होती.

आमची पॉलिसी 'भारत गृह रक्षा' आहे. गृहकर्जाच्या वेळी घेतलेली. विमा नियामक आयआरडीएआयने 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठीची ही प्रमाणित पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांना विकायला लावली आहे. मूळ मजकूर सगळीकडे सारखाच, त्यामुळे इथे जे सांगते आहे ते तुमची कंपनी वेगळी असली तरी उपयोगी पडेल. या पॉलिसीत कशाकशामुळे झालेलं नुकसान मिळतं त्याची यादी दिलेली असते: आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटणं वगैरे. कारण त्या यादीत नसेल तर वस्तू कितीही महाग असो, क्लेम पुढे सरकत नाही. कारण यादीत असलं तरी पुढे वगळलेल्या बाबींचं वेगळं पान आहे. एजंट ते पान कधीच उघडून दाखवत नाहीत, आणि मला याचा मनापासून राग येतो, कारण माणसाला खरी गरज त्याच पानाची असते.

पॅसेजची आणि हॉलची भिंत पाइपमुळे भिजली होती, ती लगेच मान्य झाली. बेडरूमच्या छताला मात्र जुना पिवळट डाग होता आणि पोपडे आले होते. सर्व्हेअरनी तिथे हात फिरवून पाहिला, मोबाइलच्या उजेडात फोटो काढले आणि म्हणाले, "हे गच्चीचं गळणं आहे. हळूहळू झालेलं." हळूहळू मुरणारी ओल, झीज, गंज, वाळवी या गोष्टी म्हणजे एखादी घटना नव्हे, आणि ही पॉलिसी घटनेवर चालते. गच्चीतून पावसाचं पाणी गळत असेल तर दुरुस्तीचा खर्च गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीने करायचा असतो, म्हणून बेडरूमसाठी मी सोसायटीला वेगळा अर्ज दिला.

खरा वाद झाला तो इन्व्हर्टरवर. माझं म्हणणं सरळ होतं: पाइप फुटणं विम्यात आहे, पाणी आलं नसतं तर शॉर्टसर्किट झालं नसतं, मग इन्व्हर्टरचे पैसे का नाहीत? सर्व्हेअरनी पॉलिसीतलं कलम बोट ठेवून वाचायला लावलं. विजेवर चालणाऱ्या उपकरणाचं शॉर्टसर्किट, जास्त दाब, आपोआप तापणं किंवा विजेची गळती यांमुळे झालेलं नुकसान वगळलेलं आहे, मग त्याचं कारण काहीही असो. कंसात चक्क 'वीज पडणं धरून' असंही म्हटलेलं होतं. पण त्याच कलमात पुढे असंही होतं की हा अपवाद फक्त त्या एका उपकरणापुरता आहे. त्याच्यापासून आग पसरून दुसरं काही जळलं तर ते आगीचं नुकसान. म्हणजे इन्व्हर्टर गेला तो गेला, पण जळलेलं कपाट विम्यात बसलं. इन्व्हर्टरच्या बाबतीतला त्यांचा अर्थ मला आजही पूर्ण पटलेला नाही, पण कपाटाची ओळ मी स्वतः वाचली नसती तर ते कुणी आपणहून सांगितलं असतं असं वाटत नाही.

वॉशिंग मशीनच्या वेळी हे ज्ञान कामाला आलं. कंपनीच्या पहिल्या पत्रात मशीनही 'विद्युत बिघाड' म्हणून काढून टाकलं होतं. मी मेकॅनिककडून लेखी घेतलं की मोटरमध्ये पाणी शिरून ती खराब झाली आहे आणि मशीनचा प्लग बोर्डला लावलेला नव्हता. उघडलेल्या मोटरचे फोटो जोडले. कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला ते सगळं पाठवल्यावर मशीनची रक्कम मंजूर झाली. मेकॅनिकच्या कागदावर नुसतं 'मशीन खराब' असं कधी घेऊ नका, कारण लिहून घ्या.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात घराची कागदपत्रं आणि थोडी रोकड होती. दोन्ही वगळलेल्या यादीत. नोटा, नाणी, चेक, कुठलेही दस्तऐवज, वाहनं, सोन्याची बिस्किटं, न जडवलेले हिरे-माणकं, यांतलं काहीही पॉलिसीत वेगळं नमूद केल्याशिवाय धरलं जात नाही. भिजलेल्या खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून काढून घेतली, तो खर्च आमचा. दागिने, चांदीची भांडी आणि चित्रं यांचंही मूल्य आधी ठरवून, जादा हप्ता भरून वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. घराच्या विम्यात सोनं आपोआप येतं असं आमच्या घरात सगळेच धरून चालले होते.

साफसफाईच्या धांदलीत सामान बाहेर जिन्यात काढून ठेवलं होतं, त्यातली सासूबाईंची पितळी समई गेली. पॉलिसीत चोरी आहे, पण फार अरुंद अर्थाने: विम्यात बसणाऱ्या घटनेमुळे आणि ती घडल्यापासून 7 दिवसांच्या आत झालेली. घराबाहेर ठेवलेली वस्तू त्यातून वगळली आहे. 'सापडत नाही', 'कुठे गेली कळत नाही' हेही चालत नाही. आणि कुलूप तोडून होणारी एरवीची घरफोडी या मूळ पॉलिसीत मुळीच नाही, तिचा विमा वेगळा घ्यावा लागतो. समईचं सासूबाईंना फार लागलं.

बाल्कनी आम्ही आत घेतलेली आहे. सर्व्हेअरनी टेप काढली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. विमा सुरू झाला तेव्हा असलेल्या चटई क्षेत्रात (कार्पेट एरियात) 10 टक्क्यांहून जास्त वाढ केली आणि ती जादा हप्ता भरून पॉलिसीत नोंदवली नाही, तर त्या वाढीव बांधकामाचं नुकसान मिळत नाही. आमची वाढ त्याच्या आत भरली.

सामानाची मर्यादाही याच वेळी नीट समजली. इमारतीचा विमा असेल तर त्या रकमेच्या 20 टक्के सामान आपोआप धरलं जातं, जास्तीत जास्त 10 लाख. आमच्या इमारतीची रक्कम 24 लाख, म्हणजे सामान 4 लाख 80 हजार. इमारतीची रक्कम ठरते ती चटई क्षेत्र आणि बांधकामाचा दर यांवरून. फ्लॅटचा बाजारभाव किंवा जागेची किंमत त्यात येत नाही, म्हणून आकडा लहान दिसला तरी घाबरू नये.

दीर आमचा कागद वाचायला घेऊन गेले. त्यांचं घर रत्नागिरीजवळ किनाऱ्यालगत आहे. जमीन खचणं आणि दरड विम्यात आहे, पण समुद्राने किंवा नदीने हळूहळू जमीन खाल्ली तर नाही. नव्या बांधकामाच्या नेहमीच्या भेगा, भराव घातलेल्या जमिनीचं बसणं, सदोष बांधकाम, शेजारच्या खोदकामामुळे खचलेला पाया, हेही त्याच कलमात वगळलेलं आहे. त्यांच्यासाठी आमच्या इन्व्हर्टरपेक्षा ही ओळ कितीतरी मोठी होती.

कुणाचा क्लेम अर्धवट नाकारला गेला असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. 50 लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही.

नूतनीकरणाच्या वेळी आम्ही घरफोडीचं संरक्षण आणि विद्युत उपकरणांच्या बिघाडाचं संरक्षण जोडून घेतलं. एजंटने फोनवर "सगळं कव्हर आहे" असं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "पाणी शिरून इन्व्हर्टर शॉर्ट झाला तर पैसे मिळतील का, एवढंच मेलवर लिहून पाठवा." उत्तर यायला वेळ लागला, पण कंपनीकडून आलं, कलमाच्या क्रमांकासकट. मग हप्ता भरला.