पाय!

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात वेफर्सच्या पाकिटांची माळ पार छताजवळ टांगलेली असते. परवा दुपारी लाइट गेलेली, दुकानदार अर्धवट झोपेत, आणि माझ्या पुढं उभ्या असलेल्या पोराला नेमकं सगळ्यात वरचं पाकीट हवं. दुकानदारानं तेलाच्या डब्यांमागं हात घातला आणि हॉकी स्टिक बाहेर काढली. मुठीकडून धरून वाकड्या टोकानं पाकीट अल्लाद खाली ओढलं, पोराच्या हातात दिलं आणि स्टिक परत डब्यांमागं.

"पोराची," मी बघतोय हे बघून तो म्हणाला. "कॉलेजात होता तवाची. आता पुण्यात असतोय."

मी ती मागून घेऊन बघितली. मुठीवरची टेप सुटून तिच्या पट्ट्या लोंबत होत्या आणि खालची सपाट बाजू घासून तिचं सालपट निघालं होतं. म्हणजे स्टिक खेळलेली होती. हे मुद्दाम बघावं लागतं, कारण आपल्याकडं हॉकी स्टिक पेपरात येते ती बहुतेक वेळा क्रीडापानावर येत नाही. 'काठ्या, लोखंडी गज व हॉकी स्टिकने मारहाण, सहा जणांवर गुन्हा.' माझा जुना प्रश्न आहे, या मंडळींना इतक्या स्टिका मिळतात कुठून? आमच्या कॉलेजच्या टीममध्ये अकरा जणांत धड स्टिका सात-आठच असतात. बाकीच्यांचं काम उसनवारीवर. बाहेर बसलेला पोरगा आत जातो तो आधी येणाऱ्याच्या हातातली स्टिक घेऊन.

आमचं कॉलेज म्हणजे मी शिकलो ते. तिथून बाहेर पडून जमाना झाला, पण हॉकी टीमच्या मॅचना मी अजून जातो. कोल्हापुरात हे सांगताना जरा आवाज बारीकच होतो. इथं शौकीन म्हटलं की लोक विचारतात, कुठली पेठ? शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लबची फुटबॉल मॅच असली की त्या दिवशी निम्म्या शहराला दुपारनंतर काम सुचत नाही. दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, सगळ्यांचे झेंडे, ढोल आणि वाद मिटवायला पोलीस. ते नको असेल तर कुस्ती आहे, शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेलं खासबाग मैदान आहे, तिथं आखाड्याकडं नुसतं बघून म्हातारे अजून हळवे होतात. या दोन्हींच्या मध्ये हॉकी कुठंतरी बसते, अंग चोरून.

तसं शहराला मेजर ध्यानचंदांच्या नावाचं हॉकी स्टेडियम आहे. पायऱ्या भरपूर आहेत. कॉलेजच्या मॅचला त्या पायऱ्यांवर कोण असतं ते सांगतो. दोन्ही कॉलेजचे जिमखान्याचे सर. पुढची मॅच असलेली टीम, जी मोबाइल बघत असते. फिरायला आलेले आणि सावली बघून टेकलेले एक-दोन निवृत्त. एखाद्या खेळाडूची आई, डबा घेऊन. कुत्री. आणि मी.

पुतण्या एकदा म्हणाला, "काका, तिथं मजा काय येते? आवाजच नाही." तो पेठेतला. त्याला कसं सांगावं? शाहू स्टेडियमवर त्यानं घसा फोडून दिलेली शिवी कुणाला ऐकू जाते? दहा हजारांच्या कालव्यात ती विरघळते. हॉकीच्या मैदानावर मी साध्या आवाजात "राइटला मोकळा आहे बघ" म्हटलं, की राइट हाफ खरंच मान वळवतो. एकदा तर फुलबॅकनं उत्तर दिलं, "बघितलंय वो काका, बॉल तर येऊ दे!" इतक्या कमी माणसांत बोलायचं म्हणजे जबाबदारी येते. उगाच काहीतरी ओरडून चालत नाही. बरोबर असावं लागतं.

ही सवय लागली लाइन बाजारात. तिथं माझी आत्या राहायची. तिचे यजमान पोलिसात होते, त्यांना आम्ही मामा म्हणायचो. कोल्हापुरात बाकी पोरं वाड्याच्या अंगणात फुटबॉल लाथाडत असताना लाइन बाजारात मात्र पोरांच्या हातात स्टिका. ज्यांना स्टिक नाही त्यांच्या हातात बाभळीची वाकडी फांदी. सुट्टीत मी आत्याकडं गेलो की संध्याकाळी गल्लीत नुसती टक, टक, टक. घरात बसून आवाजावरून कळायचं की खरी स्टिक कुणाची आणि फांदी कुणाची.

मामांनी मलाही एकदा स्टिक दिली. मी डावरा. सहज डावीकडून धरली आणि मारायला गेलो. मामा म्हणाले, "थांब. ही उलटी बाजू. फाऊल." मग सपाट बाजू कुठली, गोल बाजू कुठली ते दाखवलं. बॉल खेळायचा तो सपाट बाजूनंच, आणि ती बाजू सगळ्या स्टिकांना डावीकडंच असते. मी विचारलं, डावऱ्यांची स्टिक वेगळी नसते का? मामा बराच वेळ हसले. "बॅट हाय, रॅकेट हाय, हॉकीत डावऱ्याला स्टिक न्हाई. देवानं दिलं तरी नियम देत न्हाई. उजव्यानं शीक." घरी जेवताना डावा हात पुढं आला की पट्टी बसायची, तेवढं उजव्याचं शिक्षण मला पुरे होतं. मी गल्लीच्या कडेला दगडावर जाऊन बसलो. तो दगड पुढं पायऱ्या झाला, बाकी काही नाही.

मामांकडं रेडिओ होता आणि एक सिद्धांत होता. १९७५ चा वर्ल्ड कप आपण क्वालालंपूरला जिंकलो, फायनलला पाकिस्तानला २-१ नं हरवून, आणि निर्णायक गोल अशोककुमारनं मारला, ध्यानचंदांच्या मुलानं. हे मामा इतक्या वेळा सांगायचे की तो गोल लाइन बाजारातच झाला असावा असं मला वाटायचं. पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियल ऑलिंपिकला पहिल्यांदा कृत्रिम टर्फ आलं आणि आपण सातवे. "गवत गेलं, हॉकी गेली," मामांचा निकाल. १९८० ला मॉस्कोत सुवर्णपदक मिळालं तेव्हा गल्लीत साखर वाटली, पण मामांनी साखर खाल्ली आणि म्हणाले, "पाकिस्तान न्हाई, पश्चिम जर्मनी न्हाई. कुणाला हरवलं?" असा माणूस. २०२१ मध्ये टोकियोत जर्मनीला ५-४ नं हरवून आपल्याला एक्केचाळीस वर्षांनी पदक मिळालं, शेवटच्या सहा सेकंदांत जर्मनीचा पेनल्टी कॉर्नर आपल्या गोलकीपरनं, श्रीजेशनं अडवला, तेव्हा मामा नव्हते. असते तर म्हणाले असते, "ब्राँझच की."

तर सीझन. विद्यापीठाचा सीझन पावसात सुरू होतो, हा त्याचा मूळ दोष. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खं कोल्हापूर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याकडं कान लावून असतं. पातळी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाढ्यासारखं पाठ. अशा दिवसांत जिमखान्याचे सर सराव घेतात कॉलेजच्या मैदानावर, तिथं मुरूम कमी आणि डबकी जास्त. बॉल येतो, डबक्यात थांबतो, पोरगं पुढं निघून जातं. ट्रायलला बावडा आणि लाइन बाजारातली चार-पाच पोरं तयारीची असतात. उरलेली सर खो-खोतून, क्रॉसकंट्रीतून गोळा करतात. "पळतोयस ना? मग स्टिक धर." गेल्या सीझनला राइट आउटला असंच एक पोरगं होतं, बहुधा राधानगरीकडचं. पळायचं असं की बॉल मागं राहायचा.

मला यांची नावं माहीत नसतात. मुद्दामच. नाव कळलं की मग आडनाव कळतं, गाव कळतं, कुठला विषय राहिलाय ते कळतं. त्यापेक्षा नंबर बरा. गेल्या सीझनला माझा माणूस पाच नंबर. सेंटर हाफ, बारका, मान खाली घालून खेळणारा. ड्रिबलिंगचा सोस नाही. बॉल आला की थांबवायचा, एकदा वर बघायचं आणि द्यायचा. मामा असते तर त्याच्याबद्दल चक्क काही बोलले नसते.

विभागीय स्पर्धेतली पहिली मॅच फुकट पदरात पडली, समोरच्या टीमचे नऊच जण आले आणि त्यातला एक फुटबॉलचे बूट घालून. दुसरी मात्र बघण्यासारखी झाली. सकाळी पाऊस पडून गेलेला, बॉल साबणासारखा सटकत होता, आणि आमच्या गोलकीपरनं दोन पेनल्टी कॉर्नर छातीवर घेतले. त्याचं ते कीट कॉलेजचं, पिढीजात. त्या हेल्मेटला वास किती वर्षांचा आहे हे जिमखान्यातल्या शिपायालाही सांगता येत नाही. बिचारा पॅडचे पट्टे नाडीनं बांधून खेळत होता. आम्ही एक गोलनं जिंकलो. डब्याच्या आईनं मला पोळीभाजी दिली.

मॅचमध्ये माझं म्हणून एक काम असतं. पाय बघणं. हॉकीत बॉल पायाला लागला की फाऊल, आणि बचाव करणाऱ्याच्या पायाला डीमध्ये, म्हणजे गोलपुढच्या अर्धगोलात लागला तर थेट पेनल्टी कॉर्नर. अंपायर दोन, पाय चाळीस, गोलकीपरचे वेगळे. सगळं त्यांना कसं दिसणार? म्हणून मी ओरडतो, "पाय! सर, पाय!" गोलकीपरला पायानं खेळायची मुभा असते, त्यामुळं तिथं ओरडत नाही, एवढी शिस्त मी पाळतो. स्थानिक अंपायर तेच ते असतात. त्यांतल्या एकानं मध्यंतरात मला सांगितलं होतं, "काका, शिट्टी माझ्याकडं हाय." पण मान्यही केलं होतं की माझा पाय सहसा चुकत नाही.

फायनल बरोबरीत चाललेली. शेवटची मिनिटं. त्यांचा फॉरवर्ड डीमध्ये घुसला, बॉल ढकलला, आणि तो पाच नंबरच्या बुटाला लागून बाजूला गेला. अगदी हलका. बुटाच्या पुढच्या टोकाला. मी बघितलं. त्यांच्या खेळाडूंनीही बघितलं नसावं, कारण कुणी हात वर केला नाही. अंपायरला समोर गर्दी होती.

मी गप्प बसलो.

आणि तिथंच घात झाला. अख्खा सीझन प्रत्येक पायाला बोंब मारणारा माणूस अचानक गप्प झालाय, हे अंपायरच्या लक्षात आलं असणार. त्यानं पायऱ्यांकडं एक नजर टाकली, मी दुसरीकडं बघत होतो, आणि त्यानं शिट्टी वाजवली. पेनल्टी कॉर्नर. आमचे गोलकीपरसह पाच जण गोललाइनवर, बाकीचे अर्ध्या मैदानापलीकडं. बॉल आत आला, थांबला, फ्लिक झाला, जाळीत गेला. आमच्या गोलकीपरला बहुतेक दिसलाच नाही, हेल्मेट खाली सरकलेलं. संपला सीझन. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, हरला का? मी म्हटलं, पाय लागला. तिनं पुढं विचारलं नाही.

पेठेच्या टीमचं एक बरं असतं. पोरगं विशीत यायच्या आधीपासून दिसतं ते पोट सुटेपर्यंत दिसत राहतं. पंधरा वर्षं तोच माणूस तीच जर्सी. कॉलेजच्या टीमचं तसं नाही. सेंटर हाफला खेळ उमगतो तोवर त्याचं तिसरं वर्ष संपतं. जूनमध्ये नवी भरती, परत खो-खोतून गोळा केलेली पोरं, परत डबकी. मला त्याचं काही वाटत नाही असं मी म्हणतो.

मे महिन्यात स्टेडियमजवळच्या चहाच्या गाड्यावर एका पोरानं हाक मारली. "काका, तुम्ही पाय-पायवाले ना?" पाच नंबर. शेवटची परीक्षा देऊन बसलेला. पोलीस भरतीची तयारी चालू होती, पण भरती कधी निघेल याचा भरवसा नाही. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण असतं, तेही त्यानं बघून ठेवलं होतं. म्हणाला, त्याला वरच्या पातळीवरचं सर्टिफिकेट लागतं, आपण तर विभागीयलाच हरलो. हे त्यानं असं सांगितलं की त्यात फायनलचा राग नव्हता, पायाचा पण नव्हता. मग चहा संपवून विचारलं, "शिरोलीत, गोकुळ शिरगावात कुठं ओळख हाय का काका? कुठल्या पण फाउंड्रीत चालंल. रातपाळी पण चालंल."

ओळख होती. बँकेत असतानाचा एक खातेदार, त्याची शिरोलीला फाउंड्री आहे. मी तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. खूप दिवसांनी फोन, त्यामुळं आधी तब्येती झाल्या. मग मी सांगितलं, एक पोरगा आहे, चांगला आहे, हॉकी खेळतो, सेंटर हाफ.

"हॉकी ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आयटीआय केलंय का?"

मी पाच नंबरकडं बघितलं. त्याला पलीकडचं ऐकू येत होतं. त्यानं मान हलवली.

"बी. ए. आहे," मी म्हटलं. "भूगोल."

"बरं," पलीकडून आवाज आला, "नाव पाठवून ठेवा."