लहान मूल घेऊन ग्रीस: सँटोरिनी सोडा, थेट नॅक्सॉसला जा, आणि हायस्पीड बोट नकोच

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. तीन वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर सँटोरिनीला जाऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये बेटांमध्ये फिरताना हायस्पीड कॅटामरानचं, म्हणजे जोडतळाच्या वेगवान बोटीचं, तिकीट काढू नका, कितीही वेळ वाचतोय असं वाटलं तरी. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नका. एवढं वाचून बंद केलंत तरी चालेल.

आम्ही चौघं होतो, मी, नवरा, अडीच वर्षांची लेक आणि माझी आई. जुलैचा शेवट. प्लॅन पुण्यातल्या एजंटने करून दिला होता, अथेन्स, मग विमानाने सँटोरिनी, मग बोटीने नॅक्सॉस, मग बोटीने अथेन्सच्या पिरेयस बंदरात परत. कागदावर इतकं छान दिसतं ना हे. आणि आता कळलं की आमच्या ओळखीतल्या दोन घरांना तोच माणूस तस्साच प्लॅन विकतोय, दोन्हीकडे लहान मुलं आहेत, म्हणून बॅगा अजून तशाच पडल्यात आणि मी लिहायला बसलेय.

आम्ही कोणी नाजूक नाही हे सांगून ठेवते. नवरा आणि मी ट्रेकवाले, आई साठीची आहे पण दर रविवारी पर्वती चढते. तुम्हीपण चालते-फिरते आहात असं धरूनच लिहितेय. प्रश्न दमण्याचा नाहीच.

आता ती बोट. सँटोरिनी ते नॅक्सॉस. एजंट म्हणाला होता, "मॅडम, दीड-दोन तासांत पोचता, बाळाला कळणारही नाही." त्याने जे सांगितलं नाही ते हे, की उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा वाहतो. बाल्कनच्या बाजूला हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानकडे कमी, त्यामुळे हवा उत्तरेकडून दक्षिणेकडे नुसती ओढली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जोरात, सुटला की कधीकधी अनेक दिवस थांबत नाही. आणि फसवणूक अशी की आकाश निळंशार असतं! आपल्याकडे समुद्र खवळलाय म्हणजे काळे ढग, पाऊस, मांडव्याची बोट बंद, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तिथे कडक ऊन, सुंदर प्रकाश आणि समुद्रावर पांढरी फेसाची टोकं. हॉटेलच्या गच्चीवरून ती टोकं बघून आम्ही फोटो काढत होतो.

सँटोरिनीहून नॅक्सॉस म्हणजे उत्तरेकडे जायचं, म्हणजे वारा आणि लाटा थेट समोरून. त्या दिवशी सहा बोफर्ट सांगत होते, ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर वारा. एवढ्यात बोट रद्द होत नाही आणि तेच वाईट, कारण रद्द झाली असती तर बरं झालं असतं.

त्याआधी सँटोरिनीचं अथिनिओस बंदर. डोंगरकड्यावरून वळणावळणाचा एकच रस्ता खाली उतरतो आणि खाली बस, ट्रक, भाड्याच्या गाड्या, टॅक्स्या, माणसं सगळं एका चिंचोळ्या धक्क्यावर. बोट उशिरा. सावलीची जागा भरलेली. मग बोट आली की मागचा दरवाजा धाडकन खाली पडतो, आतले लोक बाहेर यायच्या आत बाहेरचे आत घुसतात, कर्मचारी ओरडत असतात, कारण ती काही मिनिटंच थांबते. सामान खाली गाड्यांच्या जागेतल्या रॅकवर टाकायचं आणि जिना चढून वर. एका हातात मूल, एका हातात बॅग, तिसरा हात कुठून आणायचा? म्हणून: एका मोठ्या माणसाने फक्त मूल घ्यायचं, अंगाला बांधलेल्या कॅरिअरमध्ये, आणि दुसरं काहीही उचलायचं नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. स्ट्रोलर घडी करून आधीच बॅगेला बांधून ठेवा.

बोट सुटली आणि सुरुवातीला खरंच काही वाटलं नाही, बेटाच्या आडोशाला होतो ना. आडोसा संपला आणि पहिला दणका. कॅटामरान लाटेवर चढते आणि पुढचा भाग पाण्यावर आपटतो, पोटात खड्डा पडतो, परत चढते, परत आपटते. आतली जागा पूर्ण बंद, विमानासारख्या खुर्च्या, मोकळ्या हवेत जायला डेक नाही, खिडक्या खाऱ्या पाण्याने पांढऱ्या झालेल्या, त्यामुळे क्षितिजही दिसत नाही. कर्मचारी शांतपणे उलटीच्या पिशव्या वाटत फिरत होते म्हणजे त्यांना हे रोजचं. लेकीने आधी दूध काढलं, मग पाणी, मग नुसतीच उमळत राहिली, घामाने थंडगार झाली, आणि अडीच वर्षांच्या मुलाला "थोडंच राहिलंय" हे कळत नाही हो. माझी आई एरवी कशाला न घाबरणारी बाई, ती डोळे मिटून माझं मनगट धरून बसली होती. मध्ये इऑस बेटाला बोट थांबली तेव्हा नवरा म्हणाला उतरूया इथेच. सामान खाली अडकलेलं, तोवर दरवाजा बंद.

इऑसच्या पुढे तर आणखी वाईट, आणि पॅरोस-नॅक्सॉसच्या मधल्या खाडीत वारा चेपून जोरात येतो, उगाच का जगभरचे विंडसर्फिंगवाले तिथे जातात. उतरल्यावर लेक त्या दिवशी काही जेवली नाही आणि पुढे समुद्र दिसला की "बोट नको" म्हणून कडेवर चढायची, जी मुलगी बीचसाठी नेली होती ती! मला अजून राग येतोय. या मार्गावर मोठी जहाजंही जातात, वेळ थोडा जास्त लागतो, तिकीट बरंच स्वस्त असतं, आणि नेमकं तेच आम्हाला कोणी सांगितलं नाही.

तर नीट वाचा. तिकीट काढताना जहाजाचा प्रकार बघा. हायस्पीड लिहिलं असेल तर सोडा. कन्व्हेन्शनल, म्हणजे सावकाश जाणारी मोठी फेरीबोट, ती घ्या. तीही हलते पण सावकाश, आपटत नाही. वर मोकळा डेक असतो, मूल धावू शकतं, कॅफे असतो, आणि थोडे पैसे टाकून केबिन मिळते, बाळ असेल तर दिवसाच्या प्रवासालाही केबिन घ्या, तो खर्च पूर्ण वसूल होतो. पाच वर्षांखालच्या मुलांना भाडं नसतं पण शून्य किमतीचं तिकीट त्यांच्या नावाने काढावंच लागतं. उलटीचं औषध मुलांच्या डॉक्टरांना विचारून पुण्यातूनच न्या, मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. हायस्पीडमध्ये बसायचंच झालं तर मधल्या भागात, मागच्या बाजूला.

वारा फार वाढला की बंदरातून बोटींवर बंदी येते, आधी छोट्या आणि हायस्पीड, मोठ्या जहाजांना जास्त वाऱ्यापर्यंत परवानगी असते. बोट रद्द झाली तर युरोपच्या नियमाप्रमाणे पैसे परत किंवा पुढची बोट, दोन्हींतलं तुम्ही निवडायचं, पण खराब हवामानामुळे रद्द झाली असेल तर हॉटेलचा खर्च ते देत नाहीत, नुकसानभरपाई पण नाही. म्हणून म्हणते, विमानाच्या आधीची रात्र अथेन्समध्येच. आमच्या प्लॅनमध्ये सकाळी बेटावरून बोट आणि रात्री विमान असं होतं, ते आम्ही बदलून घेतलं, दोनदा फोनवर भांडून.

सँटोरिनीबद्दल थोडक्यात, कारण तिथलं कौतुक सगळ्यांना माहितीय. इया नावाच्या गावात कड्यावरचं हॉटेल, "थोड्या पायऱ्या आहेत" असं सांगितलेलं. पायऱ्या पर्वतीलाही आहेत, पण इथे अरुंद, उंचसखल, बाजूला गुडघ्याएवढी भिंत आणि त्यापलीकडे थेट खाली. मुलीला क्षणभर सोडता येत नव्हतं, खोलीच्या दाराबाहेरही नाही. कड्यावरची कित्येक हॉटेलं बारा-तेरा वर्षांखालची मुलं घेतच नाहीत, आणि तिथे गेल्यावर वाटलं की तेच बरोबर आहेत. स्ट्रोलर तिथे निव्वळ ओझं. सूर्यास्ताला इयात गर्दी अशी की मूल खांद्यावर बसवूनच चालायचं. फिरा या मुख्य गावापासून जुन्या बंदरापर्यंत सुमारे 580 पायऱ्या आहेत, लोक गाढवावर बसून जातात, प्लीज बसू नका, केबल कार आहे.

आणि बीच? पेरिसा आणि कामारीची वाळू काळी, ज्वालामुखीची, दुपारी पाय भाजतात. पाणी काही पावलांत खोल होतं आणि काठाला गुळगुळीत खडक आहेत, मोठी माणसं घसरत होती. लाल बीचवर दरडी कोसळतात, धोक्याच्या पाट्या आहेत, तरी लोक मुलं घेऊन जातात, कमाल आहे. दोन खुर्च्या आणि छत्रीचे आमच्याकडून 40 युरो घेतले, वर ऑर्डर देणं सक्तीचं. बसण्याआधी दर विचारा आणि ऑर्डर त्यात धरलीय का तेही विचारा. बीच सार्वजनिकच असतो, आपली चादर टाकून बसायचा हक्क आहे. 2023 मध्ये पॅरोसच्या लोकांनी याचसाठी टॉवेल घेऊन आंदोलन केलं, नंतर नियम कडक झाले, आता खुर्च्या पाण्यापासून किमान चार मीटर लांब हव्यात आणि तक्रारीला मायकोस्ट नावाचं सरकारी अॅप आहे.

पैशांचं अजून एक. सगळे टॅक्स धरलेत असं सांगूनही हॉटेलात वेगळे पैसे मागितले. ती हॉटेलची लबाडी नव्हती, सरकारी हवामान शुल्क आहे, एप्रिल ते ऑक्टोबर खोलीमागे दर रात्री, 2025 पासून तीन तारांकित 5 युरो, चार तारांकित 10, पंचतारांकित 15. बुकिंग करताना विचारून घ्या कोण भरणार. मासे बऱ्याच ठिकाणी किलोच्या भावाने लावतात, मेनूतला आकडा एका प्लेटचा समजू नका, आधी वजन करून किंमत ऐका. ब्रेड न मागता येतो आणि बिलात लागतो. पावती मिळाली नाही तर पैसे देणं बंधनकारक नाही, हे मेनूवरच छापलेलं असतं. पाणी किओस्कवरून घ्या, अर्ध्या लिटरची बाटली 50 सेंट, भाव सरकारने बांधलेला आहे.

नॅक्सॉसला बाकी सगळं छान झालं. राहायचं ते आगिओस जॉर्जिओस बीचजवळ, मुख्य गावातून चालत जाता येतं, पाणी बऱ्याच आतपर्यंत गुडघाभर, वाळू मऊ. लेक तिसऱ्या सकाळी आपणहून पाण्यात गेली. वारा सकाळी कमी असतो, दुपारी चढतो, म्हणून आठला बीचवर आणि साडेअकराला खोलीत. दुपारी तसंही गाव झोपलेलं असतं, मुलाला झोपवा. वारा सुटला की प्लाकाच्या लांबलचक बीचवर वाळू अंगावर सुयांसारखी टोचते, लहान मुलाच्या डोळ्यात जाते, त्या दिवशी आगिओस प्रोकोपिओस त्यातल्या त्यात बरा. मिक्री विग्लाला मुलांना नेऊ नका, तो काइटसर्फिंगवाल्यांचा. घडीचा तंबू नेऊ नका, उडतो. पूर्ण बाह्यांचा स्विमसूट न्या. पाण्यातले डायपर सुपरमार्केटात मिळतात.

खाण्याची काळजी नको. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा, तो बाजूला काढायला सांगा. भात भरलेले टोमॅटो-मिरच्या, पण कीमा आहे का विचारा, दोन्ही प्रकार असतात. बटाटे नॅक्सॉसचेच, घट्ट दही, ग्राविएरा चीज. रात्री दहा वाजता टॅव्हर्नात, म्हणजे तिथल्या खानावळीत, ग्रीक मुलं खुर्च्यांभोवती पळत असतात, आपल्या मुलाकडे कोणी डोळे वटारत नाही. गाडी घेतलीत तर आपल्या लायसन्सबरोबर इंटरनॅशनल परमिट लागतं आणि मुलाची सीट आधीच लेखी मागा, कायद्याने हवीच, टॅक्सीत मात्र बहुतेक वेळा नसते. टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, डब्यात. बेटावर हॉस्पिटल आहे, इमर्जन्सीला 112.

पिरेयसला परत आम्ही मोठ्या जहाजाने आलो, पाच-साडेपाच तास, वारा तेवढाच होता आणि लेक चक्क झोपली. एकाच समुद्रात इतका फरक! जाताना पिरेयसहून सकाळची बोट असेल तर ती साडेसातच्या सुमारास सुटते, विमानतळावरून पहाटे निघून गाठायचा प्रयत्न करू नका, आदल्या रात्री पिरेयसमध्ये राहा. विमानतळावरून मेट्रो थेट बंदरापर्यंत जाते, तासाभरात, 9 युरो, सहा वर्षांखाली फुकट. बंदर प्रचंड मोठं आहे, ई 1 ते ई 12 असे गेट, तिकिटावर नसेल तर बोट कंपनीला फोन करून गेट विचारा, आत फुकट बस फिरते.

मी परत गेले तर अथेन्स, नॅक्सॉस, अथेन्स, बस. आणि सप्टेंबरमध्ये. वारा उतरलेला असतो, पाणी उन्हाळाभर तापून जूनपेक्षा उबदार, खोल्यांचे भाव खाली. शाळा सुरू व्हायची आहे तोवरच हे जमणार आहे. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधी करता येतो, सहा वर्षांखालच्या मुलांना व्हिसा फी नाही, मोठ्यांना 90 युरो, आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाही, म्हणून सप्टेंबरला जायचं असेल तर एप्रिलमध्येच तारीख घेऊन टाका.