बहिणीच्या लेकरांचे पालकत्व : माझा अनुभव

माझी आक्का आणि दाजी केज तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला जात असत. दाजी सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या फडावर वारले आणि त्यानंतर काही काळाने आक्काही आजाराने गेली, तेव्हा त्यांची मुलगी 14 वर्षांची आणि मुलगा 8 वर्षांचा होता. मी अंबाजोगाईला शिक्षिका आहे. आक्काच्या तेराव्यालाच भावकीत चर्चा सुरू झाली की मुलीचे हात पिवळे करून द्यावेत आणि मुलाला चुलत्यांकडे ठेवावे. आमच्या बीड जिल्ह्यात आईबाप नसलेल्या मुलीवर हे संकट सर्वांत आधी येते. गावचा ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कोणीही कळवू शकते, हे मी तिथेच, सर्वांच्या समोर स्पष्टपणे सांगितले आणि दोन्ही मुलांना घेऊन घरी आले.

मुलांना एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवण्याचा सल्लाही मला आपुलकीने दिला गेला. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर नळदुर्गला उभे राहिलेले ‘आपलं घर’ आणि हासेगावचे ‘सेवालय’ अशा संस्थांनी आमच्या भागातल्या मुलांसाठी जे केले आहे, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही बाल न्याय कायदा 2015 असे सांगतो की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, आणि मावशी जिवंत व धडधाकट असताना तो शेवटचा उपाय योजण्याची गरज मला वाटली नाही.

जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या कर्मचाऱ्यांनी आम्हाला बालकल्याण समितीपुढे हजर राहण्यास सांगितले. समितीच्या सदस्यांनी मला बाहेर बसवून मुलांशी स्वतंत्रपणे बोलणे केले, ही गोष्ट मला फार योग्य वाटली. थोरलीने काय सांगितले ते मला नंतर कळले : “मावशीकडं ऱ्हायचंय, पण भावाला माझ्यापासून येगळं करू नका, अन् माझी शाळा बुडू देऊ नका.” पुढे सामाजिक कार्यकर्ती घरी येऊन चौकशी करून गेली, घरात किती माणसे आहेत, मुले कुठे झोपतात, अभ्यास कुठे करतात हे तिने पाहिले, आणि तिच्या अहवालानंतर समितीने मुले माझ्याकडे राहण्यास मान्यता दिली. त्याच आधारावर बालसंगोपन योजनेचा अर्जही पुढे गेला. या योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे आणि 2023 पासून तिची रक्कम प्रत्येक मुलामागे दरमहा 2,250 रुपये झाली आहे. मुले 18 वर्षांची होईपर्यंत ही मदत मिळते.

खरी अडचण आली ती दाजींच्या मृत्यूच्या दाखल्याची. मृत्यू जिथे घडतो तिथेच त्याची नोंद व्हावी लागते, मृताच्या मूळ गावी नव्हे. दाजींचे अंत्यसंस्कार फडाजवळच्या गावी घाईत उरकले गेले, ऊसतोड मजुरांची टोळी दुसऱ्या दिवशी पुढच्या फडावर गेली आणि नोंद करणे कोणाच्याही ध्यानात राहिले नाही. एक वर्ष उलटून गेल्यावर अशी नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही, त्यामुळे त्या गावच्या ग्रामपंचायतीचे ‘नोंद नाही’ असे पत्र, टोळीतल्या दोघांची प्रतिज्ञापत्रे आणि कारखान्याच्या गटाकडचा कागद असे एकेक जमवत मला ते प्रकरण उभे करावे लागले. टोळीतली माणसे वर्षातले सहा महिने गावातच नसतात, म्हणून त्यांच्या सह्या घेण्यासाठी मला पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, ती परत येईपर्यंत थांबावे लागले. या एका दाखल्यावाचून मुले सरकारदरबारी अनाथ ठरत नव्हती. ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला माझी कळकळीची विनंती आहे की परमुलखात माणूस गेला तर 21 दिवसांच्या आत तिथल्याच ग्रामपंचायतीत नोंद करावी आणि दाखल्याच्या प्रती सोबत आणाव्यात.

कागद जमत होते, पण घरात धाकटा अजून रुळला नव्हता. शाळेत तो लगेच बसला, कारण शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतच्या मुलाला आधीच्या शाळेचा दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दसरा जवळ आला तसा मात्र तो अबोल झाला. एका सकाळी पाहिले तर त्याने आपले दोन शर्ट, पाटी आणि आईची जुनी ओढणी एका पोत्यात भरून पोते दाराशी उभे करून ठेवले होते. “टोळी कधी निघणार?” एवढेच त्याने विचारले. दसऱ्यानंतर घर बंद होते, ट्रॅक्टरवर बिऱ्हाड चढते आणि पुढचे सहा महिने कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहायचे असते, हेच वेळापत्रक त्याच्या अंगवळणी पडले होते. त्याला जवळ घेऊन “आता कुठे जायचे नाही” असे सांगणे पुरेसे नव्हते, कारण मोठ्यांचे असे शब्द त्याने यापूर्वीही ऐकले होते. म्हणून त्याच्या बहिणीने आणि मी मिळून भिंतीतल्या फडताळाचा खालचा कप्पा रिकामा केला, त्याच्याच हाताने त्यात सामान लावून घेतले आणि कप्प्याची किल्ली त्याच्या करदोट्याला बांधली. दिवाळी झाली, टोळ्या गेल्या, शाळा सुरू झाली आणि आपण अजून इथेच आहोत याची खात्री पटल्यावर तो वर्गात बोलू लागला. माया म्हणजे मुलाला दरवर्षी त्याच वेळी त्याच ठिकाणी आपले माणूस सापडणे, असे मी तेव्हापासून मानते, आणि पाहुण्यारावळ्यांनी “बिचारी लेकरं” म्हणून हातावर ठेवलेल्या पैशांना मी हळूहळू नम्रपणे नकार देऊ लागले.

दाजींच्या वाट्याच्या जमिनीवर वारस म्हणून मुलांची नावे लावून घेणे भावकीला रुचले नाही, पण ते काम मी मागे टाकले नाही. फेरफार मंजूर झाल्यावर सातबाऱ्यावर दोघांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता (18 वर्षांखालील वारसाचा पालक) म्हणून माझे नाव आले. अज्ञान मुलांची जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे मी तलाठी कार्यालयातच चुलत्यांना समजावून सांगितले.

थोरलीच्या बाबतीत माझा आग्रह एकच होता की प्रत्येक कार्यालयात ती माझ्यासोबत येईल आणि खिडकीवर तीच बोलेल. पहिल्या वेळी तिचा आवाज फुटत नव्हता. दहावीनंतर मात्र तिने बँकेचे खाते स्वतः चालवले, शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः भरला, आणि आधार व शाळेचा दाखला यांतला नावाचा फरकही स्वतःच दुरुस्त करून आणला. राज्य सरकारने 2018 मध्ये अनाथांसाठी शिक्षण आणि सरकारी नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण लागू केले, आणि पुढे नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलांचाही संस्थाबाह्य प्रवर्गात समावेश झाला. त्यासाठी लागणारे अनाथ प्रमाणपत्र जिल्हा महिला व बालविकास कार्यालयामार्फत विभागीय उपायुक्तांकडून, म्हणजे आमच्यासाठी छत्रपती संभाजीनगरहून, मिळते. तिचा प्रस्ताव आईबापांचे मृत्यूचे दाखले, तिच्या जन्माचा आणि रहिवासाचा पुरावा व समितीचा आदेश जोडून गेला आणि मंजूर होऊन आला. आज ती नर्सिंगचे शिक्षण घेत आहे.

18 वर्षे पूर्ण होताच तिने तलाठ्याकडे अर्ज देऊन सातबाऱ्यावरचा आपल्यापुरता ‘अ.पा.क.’ कमी करून घेतला. धाकटा आता आठवीच्या उंबरठ्यावर आहे, आणि त्याच्या प्रमाणपत्राचा प्रस्ताव सुट्टीत घरी आल्यावर आपणच तयार करणार असल्याचे तिने मला बजावले आहे.